टाळ्या परत घ्या

२ फेब्रुवारी, रविवार

दिवाळीच्या आधी वही आणली, आज पहिलं पान. रोज म्हणायचो, उद्या लिहू. मग पेन हरवलं. मग कांद्याच्या गाडीवर नगर-सोलापूर हिंडत बसलो. खरं कारण वेगळंच — लिहायला बसलं की मला झोप येते. बारावी तशीच गेली. आज दुपारी झोपायला म्हणून पडलो तर डोळा लागेना. म्हणून हे.

सध्या दौंडला प्रार्थनेच्या हॉलवर राहतोय. हॉल म्हणजे पत्र्याचं शेड. आधी खताचं गोदाम होतं, ऊन तापलं की अजून युरियाचा वास सुटतो. मी काही विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती झालेला, नाही. मी ढोलकीवाला. मूळ कवठे येमाईचा धनगर, गजीच्या खेळात ढोल बडवत मोठा झालो. रांजणगावची कंपनी सोडून नुसता फिरत होतो तेव्हा गिताआत्यानं इथं आणून सोडलं. लांबची आत्या, कासुर्डीला दिलेली. दर रविवारी यवतला रेल्वेची शटल धरून प्रार्थनेला येते. भिमाजी सरांना ढोलकीला माणूस पाहिजे होता — सर शाळेतून रिटायर झालेले, आता इथले पाळक — आणि मला पाठ टेकायला जागा. जमलं.

तर आज. साक्षीची वेळ होती. ज्याला देवाचा अनुभव आला त्यानं उठून सांगायचं, सगळ्यांनी हालेलुया म्हणायचं, टाळ्या, आणि मी ढोलकीवर तिहाई मारायची. हा नेमच. कुणाचं पोरगं नोकरीला लागलं — तिहाई. कुणाचा मुतखडा पडला — तिहाई.

चांगुणामावशी उठल्या. त्या मेसचे डबे करतात. पाच वर्षांमागं कुरकुंभ रोडला एका टेंपोवाल्यानं दारूच्या नशेत त्यांच्या दीक्षाला उडवलं आणि पळून गेला. पोरगी वाचली, पण उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. केस अजून चालूच. हे हॉलमधल्या लहान पोरांनाही पाठ आहे.

“तो टेंपोवाला,” मावशी म्हणाल्या, “गुरुवारी कासुर्डीच्या अलीकडं पलटी झाला. माझ्या भाच्यानं, महेंद्रनं, फोटो दावला मोबाईलवर. पुण्याला दवाखान्यात पडलाय, शुद्ध न्हाई. कोर्टानं मला तारखा दिल्या. माझ्या देवानं न्याय दिला.”

हॉल उठला. टाळ्या थांबेनात. सर म्हणाले, “प्रभूची स्तुती. शेवटच्या न्यायाच्या दिवशी स्वर्गात संतमंडळी असाच आनंद करतील.” आणि मी तिहाई मारली. लांबलचक, फिरवून फिरवून. पुढं बसलेली दोन पोरं नाचली.

वाजवता वाजवता नजर गिताआत्यावर गेली. चांगुणामावशींच्या बरोबर मागच्या रांगेत. सगळे उभे, ती बसलेली. हात मांडीवर पालथे.

जेवायला थांबली नाही. स्टेशनपर्यंत मागं मागं गेलो. बाकड्यावर बसल्यावर म्हणाली, “चांगलं वाजीवलंस.”

“जेवली का नाहीस?”

“साक्षी झाल्या की इनंत्या घेत्यात. मी सरळ दवाखान्यातनं आले हुते. पोरासाठी प्रार्थना मागाय.”  शटल लागल्यावर, पायरीवर चढता चढता — “त्यो बिरदेव हाय, शंभू. माझा बिरदेव.”

बिरदेव म्हणजे तिचं एकुलतं पोरगं. मी लहान होतो तेव्हा मला खांद्यावर बसवून गजी दाखवायचा. टेंपो चालवतो एवढंच मला ठाऊक. दीक्षाचं ठाऊक नव्हतं.

३ फेब्रुवारी

ढोलकीला हात लावला नाही. वाद्या सैल केल्या आणि खुंटीला टांगली.

५ फेब्रुवारी, बुधवार

बुधवारी संध्याकाळी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास असतो. पाच-सहाजण येतात, त्यातले दोन चहासाठी. तिसरा मी.

आज विषय शेवटच्या न्यायाचा. मेंढरं, म्हणजे तारलेली माणसं, उजवीकडं; शेळ्या, म्हणजे नाश होणारी, डावीकडं. याच विषयावर गेल्या वर्षी आत्यानं सरांना अडवलं होतं ते आठवून हसू आलं. म्हणाली होती, “सर, शेळ्या काय म्हणून डावीकडं? मेंढरू खाली मुंडी घालून चालतंय, म्होरं शेळी नसंल तर कळप वढा वलांडत न्हाई. आन् आई मेलेलं कोकरू कुणाच्या दुधावर जगतंय?” सर पोट धरून हसले होते. म्हणाले, “गिताबाई, हे तुम्ही वर गेल्यावर मालकाला विचारा.” “इचारणारच हाय,” म्हणाली.

कुठून कुठं गेलो. तर सगळे गेल्यावर मी सरांना विचारलं — स्वर्गात गेलेली माणसं, खाली ज्यांचा नाश होतोय ते बघून खरंच टाळ्या वाजवणार?

सरांनी चष्मा पुसला. “जळणाऱ्याकडं बघून नाही, शंभू. न्याय झाला म्हणून. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्याचं कुणीच ऐकलं नाही, ज्याला तुडवून लोक निघून गेले, त्यानं किती वाट बघायची? एक दिवस त्याचं ऐकलं जाणार, ही बातमी त्याच्यासाठी आनंदाचीच. चांगुणाबाईंचा आनंद मी कसा खोटा म्हणू?”

हे मला पटलं. खरंच पटलं. कोर्टाच्या दारात मावशी कशा उभ्या राहतात ते मी पाहिलंय — पिशवीत डबा, पाण्याची बाटली, आणि वकील ‘पुढची तारीख’ म्हणत गाडीला किक मारणार.

मग मी सांगितलं, तो टेंपोवाला गिताआत्याचा मुलगा आहे.

 हॉलमधलं मांजर येऊन सरांच्या पायावर बसलं, ते हाकलायचंही त्यांना सुचलं नाही. मग म्हणाले, “मी ते वाक्य तिच्यासमोर बोललो.”

“हो.”

“तिथं आपलं मन देवासारखं होईल, शंभू. सगळे अश्रू पुसले जातील. मी असंच शिकवतो.” थांबले. “माझी आई विश्वासात नव्हती. खंडोबाची वारी करायची, माझ्या नावानं. तिच्याबद्दल हा प्रश्न मी मनात आणत नाही. आणला की त्या दिवशी प्रार्थना होत नाही.”

मी कप विसळले. दुसरं काय करणार?

६ फेब्रुवारी

आज दवाखान्यात जायचं ठरवलं आणि गेलो शिरूरला. माझं असंच होतं. ढोलकीची शाई निघाली होती, ती भरून घेतो म्हणून एसटीत बसलो. कारागीर म्हणाला, उद्या या. उद्या कोण येतंय. बाजारात काकड्या खाल्ल्या, एका माणसाशी बैलांवरून वाद घातला — मला बैलातलं काही कळत नाही — आणि ढोलकी तशीच घेऊन परत आलो. भीती वाटते असं सरळ लिहायला काय जातं. भीती वाटते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो. पुण्याचा दवाखाना केवढा! बिरदेवला काचेतून पाहिलं. तोंडात नळी, डोकं गुंडाळलेलं, एक पाय टांगलेला. ओळख पटण्यासारखे फक्त कान. त्याचे कान बाहेर आलेले, लहानपणी आम्ही धरून ओढायचो.

आत्या जिन्यात बसली होती. शेजारी दुसऱ्या पेशंटची बाई, बिहारची. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि दोघी वाटून केळी खात होत्या.

मी सरांचं सगळं सांगितलं. न्याय वेगळा, जळणं वेगळं. अश्रू पुसले जातील.

“सर वाईट न्हाईत,” आत्या म्हणाली. “पुसू दे की देवाला डोळं. त्याचा पदर मोठा. पण मी कुणापायी रडत हुते त्येबी पुसणार का? पोरगं इसरून टाळ्या पिटणारी जी कोण असंल वर, ती गिता न्हाई. ती दुसरीच बाई. तिला ऱ्हाऊ दे तिथं.”

मग म्हणाली, “तुला एक सांगते. त्याला शिक्षा व्हावी असं मलाबी वाटत हुतं. पाच वर्सं म्या देवापाशी त्येच मागितलं. माझ्या पोराला एकदा दुखू दे, म्हंजी त्याला कळंल. तो काय म्हणायचा, ठावं हाय? ‘पोरगी आडवी आली.’ दारू पिऊन आला की रडायचा आन् सकाळी परत, आडवी आली. म्हणून मागितलं. आता दुखलं. चांगुणाच्या आधी माझी साक्ष व्हायला पायजे हुती.”

 बिहारच्या बाईनं मला केळं दिलं.

चांगुणामावशी कोण हे आत्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यासाठीच ती तीन वर्षांमागं हॉलवर आली होती — माफी मागायला. पहिल्या रविवारी तोंड उघडेना. मावशींनीच विचारलं, लांबनं आलात का, जेवून जा. ताटात भाकरी वाढली. मग पुढचा रविवार, मग त्याच्या पुढचा. प्रत्येक वेळी मागच्या रांगेत बसायचं, पाठीकडं बघत. देवावर विश्वास कधी बसला ते तिचं तिलाही सांगता येत नाही.

“तू सांग तिला,” म्हणाली. “माझ्याच्यानं हुईना. आन् इचार, येत्या रविवारी बिरदेवसाठी प्रार्थना धरली तर चालंल का. न्हाई म्हणली तर धरू नका. तिच्या मनाइरुद्ध मला काय नको.”

“अगं, प्रार्थना तर कुठंही—”

“तिच्या तोंडून ‘आमेन’ पायजे मला. बाकीच्यांचं मी काय करू?”

डॉक्टर म्हणतात, अजून दोन दिवस काही सांगता येत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

मावशींच्या घरी गेलो. दारातच दीक्षा. बाहेर जायला निघालेली, बसून खोटा पाय चढवत होती. झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. ती हॉलवर कधीच आलेली नाही. तिचं आणि तिच्या पप्पांचं विहारात जाणं, जयंतीच्या कमिटीत दोघंही असतात. मावशी तेवढ्या आमच्याकडं. दीक्षा दवाखान्यात होती तेव्हा सर आणि मंडळी रोज डबा न्यायचे, तेव्हापासून. घरात यावरून भांडण नाही, टोमणे मात्र भरपूर.

“काय ढोलकीमास्तर,” दीक्षा म्हणाली, “रविवारी जोरात वाजवलीत म्हणे. आई रात्री सुद्धा सांगत होती.”

मावशी पोळ्या लाटत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. आडवळण घेतलं असतं तर बैलांवर गेलो असतो.

लाटणं थांबलं नाही. एक पोळी झाली, दुसरी झाली.

“ती गिता?” मावशी म्हणाल्या. “माझ्या पाठीमागं बसणारी?”

“हो.”

“तीन वर्सं माझ्या हातची भाकरी खाल्ली तिनं.”

“ती माफी मागायला—”

“मग मागायची का न्हाई? तीन वर्सं मी तिच्यापुढं माझ्या पोरीचं रडगाणं गातीये आन् ती मान हलवतीये!” लाटणं आपटलं. “आन् आता त्याच्यासाठी प्रार्थना? मी आमेन म्हणू? माझ्या पोरीचा पाय उगवणार हाय का, शंभू? देवानं केलंय ते केलंय. म्या न्हाई केलं. मला आनंद झाला तर त्यात पाप काय? वर संत लोकबी करणारेत, सरांनीच सांगितलं.”

 पाप आहे असं मला वाटतही नव्हतं.

दीक्षा पायाचा पट्टा ओढत म्हणाली, “आई, स्वर्गात कोण कोण जाणार?”

“विश्वास ठेवणारी. तुला शंभरदा सांगितलंय.”

“म्हणजे पप्पा नाहीत.”

“पप्पांसाठी मी रोज—”

“आणि मी नाही.”

“तू येशील गं. देव हाय.”

“नाही येणार. माझं माझ्या ठिकाणी बरंय.” तिचा आवाज रागाचा नव्हता. पट्टा बसतोय का बघत होती. “मग माझा न्याय होईल तेव्हा तू वरून बघणार. सगळे उभे राहणार. तू वाजवशील का टाळ्या? शंभू ढोलकी वाजवेलच.”

तव्यावरची पोळी काळी झाली. मावशींनी ती उलटली नाही, काढलीही नाही. वास सुटला तेव्हा दीक्षानंच उठून गॅस बंद केला.

गल्लीच्या तोंडापर्यंत आम्ही बरोबर आलो. दीक्षा म्हणाली, “तुझा गैरसमज नको. मी त्याला माफ-बिफ केलेलं नाही. आईला उगाच बोचलं म्हणून बोलले. तो मेला ना, तर मी पेढे वाटणार आहे. खरंच वाटणार.”

“बरं,” म्हटलं.

“बरं काय? काहीतरी बोल की.”

 ती गेली. चालताना काठी वापरत नाही, चढ आला तरच.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी हॉल झाडला. ढोलकी खुंटीवरच. सरांनी पाहिलं. आज नुसती खंजिरी.

चांगुणामावशी येतील असं वाटलं नव्हतं. आल्या. नेहमीच्या जागी बसल्या. मागची रांग रिकामी, आत्या दवाखान्यात.

साक्षीची वेळ झाली. पहिल्यांदा त्याच उठल्या. पोरं सावरून बसली, गेल्या रविवारसारखं काहीतरी असणार म्हणून.

“मागच्या रविवारची माझी साक्ष,” मावशी म्हणाल्या, “ती मी परत घेते.”

सर उभे राहिले. हळूच म्हणाले, “बाई, साक्ष देवापुढं दिलेली असते. ती कशी परत घेणार?”

“मग टाळ्या परत घ्या.”

कुणाला काही समजेना. एक म्हातारं माणूस हसलं, मग त्याच्या लक्षात आलं आपण एकटेच हसतोय.

“त्या पोराची आई हितं बसली हुती,” मावशी म्हणाल्या. “माझ्या मागं. आपली गिताबाई. आपण सगळे तिच्या कानात वाजवत हुतो. मला ठाव नव्हतं. तुमालाबी न्हाई. पण देवाला ठाव हुतं ना? मग मला वाटलं, वर असंच असणार. वाजवणाऱ्यांच्या मागच्या रांगेत कुणाची तरी आई बसलेली असणार. आन् कवातरी…” थांबल्या. “कवातरी ती मी असणार.”

मावशी खाली बसल्या नाहीत.

“मी त्याला माफ केलं असं म्हणत न्हाई. खोटं कशाला बोलू देवाच्या घरात? शिक्षा द्यायची तर देवानं द्यावी, त्याचं काम हाय. आपण टाळ्या नको. आन् सर, गिताबाईनं प्रार्थना मागितलीय. धरा.”

सरांनी प्रार्थना धरली. सर नेहमी लांब करतात, आज आवाज जागेवर नव्हता. बिरदेवचं नाव घेतलं. त्याच्या आईचं घेतलं. मग एकदम, “आणि माझ्या आईचं,” म्हणाले आणि थांबले. पुढं काही आलंच नाही. सगळे डोळे मिटून वाट बघत बसले.

मग मावशींचं आमेन ऐकू आलं. मोठ्यानं नाही. पण पहिलं त्यांचंच.

मी पळत बाहेर आलो, आत्याला फोन लावला. सांगितलं. तिनं दोनदा विचारलं — “तीच म्हणली? चांगुणाच?” मग म्हणाली, “आता त्याच्या कानात सांगते.”

दुपारी तिचाच फोन. बिरदेव गेला. तिनं कानात सांगितलं तेव्हा होता. ऐकू आलं का, ते तिला माहीत नाही.

१० फेब्रुवारी

कासुर्डीला आलोय. भावकीनं सगळं रीतीप्रमाणं केलं. आत्याला कुणी काही विचारलं नाही, ती कडेला उभी. तिचे थोरले दीर गेणबा, ते तिच्या प्रार्थनेवर पहिल्यापासून नाराज. पण तिला पाणी आणून दिलं त्यांनीच.

संध्याकाळी दीक्षाचा फोन. माझा नंबर मावशींकडून घेतला असणार.

“गेला ना?”

“हो.”

“पेढ्याच्या दुकानापर्यंत गेले होते मी.” बराच वेळ नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. “पाच वर्षं मी या दिवसाची वाट बघत होते, शंभू. कसं वाटेल, काय घालीन, सगळं ठरवलं होतं. आत काहीच झालं नाही. दुकानदार विचारतोय, किती देऊ? मला सांगताच येईना.”

मी म्हणालो, होईल हळूहळू. काय बोललो ते माझं मलाच कळलं नाही. तिनं फोन ठेवला.

११ फेब्रुवारी

तिसरा दिवस. माती सावडून आले सगळे. मी ओट्यावर बसून लिहितोय, पोरं वहीत डोकावताहेत. गेणबाआबांनी मघाशी चारचौघांत विचारलंच, “गिता, तुझ्या सोर्गाच्या वाटंवरलं कोण आलं न्हाई ते?” आत्या म्हणाली, “येतील. चारच्या शटलनं येणारेत.” सरांनी तसं कळवलंय, मावशीही येते म्हणाल्यात. अजून अकरासुद्धा वाजले नाहीत.

पण आत्ता हायवेकडून एक रिक्षा आली आणि बांधापाशी थांबली. एक पाय खाली आला, मग काठी, मग दुसरा. दीक्षा. एकटीच. बांध चढायला तिला जमत नाहीये. बायका नुसत्या बघताहेत, कोणाची कोण म्हणून. गिताआत्या उठली, खाली गेली, तिच्या काखेत हात घालून तिला वर घेतीये.

आत्यानं तिला आजवर कधी पाहिलेलं नाही. “सावकाश, लेकी,” म्हणतीये. पायाकडं अजून लक्ष गेलेलं नाही.

वही ठेवतो. मला जायला पाहिजे.